बाजाच्या ओठांवरचा रंग

भाऊ, तुझ्या मातीला बाजा वाजला नाही.

हे तुला सगळ्यात आधी सांगायचं होतं. तू जाऊन अजून पंधरवडा उलटला नाही, आणि घरी येणारं प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल गोडच बोलतंय. रूबेन पेंटर म्हणजे देवमाणूस, रूबेन पेंटरसारखा हात होणे नाही, कोणाला कधी दुखवलं नाही. मी मान हलवते, चहा पुढे करते. आतून नुसती पेटलेली आहे. कोणाला दुखवलं नाही म्हणे! मला विचारा म्हणावं.

तुझी शवपेटी चर्चमध्ये वेदीसमोर ठेवली होती आणि मी सवयीने बाजाच्या बाकावर जाऊन बसले. सवयीनेच नळे उघडायच्या खुंट्या ओढल्या, पट्ट्यांवर हात ठेवले आणि दाबले. लाकूड लाकडावर आपटल्याचा खटखट आवाज आला, बस. हवाच नव्हती. हवा तू होतास आणि तू पेटीत होतास. तरुण संघातले दोघे धावत मागे गेले आणि बोअरिंगचा हापसा मारावा तसा बाजाचा हापसा मारायला लागले. भात्याने एक गचका दिला, कुठलातरी जाडा नळा कण्हला आणि दुसऱ्या बाकावरचं लेकरू घाबरून रडायला लागलं. मी खुंट्या आत ढकलल्या. पाळकसाहेबांनी खूण केली आणि कोणीतरी मोबाइलवर गीताची चाल लावून डबा स्पीकर चालू केला.

तुझ्या मातीला, भाऊ, ब्लूटूथ! आयुष्यभर तू ज्याला हवा दिलीस तो बाजा तुझ्यासाठी मुका बसला, कारण हापसा कसा मारायचा हे तू कोणालाही शिकवलं नाहीस. कोणी विचारलं की म्हणायचास, "हे शिकवाचं काम नाई बाप्पा, हा दमाचा खेळ आहे." घे आता दमाचा खेळ.

पण हे तर काहीच नाही. खरा घाव तिसऱ्या दिवशी बसला. घरी प्रार्थनेला सगळी मंडळी जमली होती. आपले पाळकसाहेब, माणूस चांगला, तरुण, वर्ध्याकडचा, प्रार्थना संपल्यावर उभे राहिले आणि म्हणाले की रूबेनभाऊंनी दवाखान्यात आपल्याजवळ शेवटची इच्छा बोलून दाखवली. बाजा आता थकला आहे. आतलं सगळं सामान काढून टाकावं, भाता, वाऱ्याची पेटी, लाकडी नळे, सगळं. मागे स्पीकर बसवावेत, पुढे कीबोर्ड ठेवावा. फक्त समोरचे रंगवलेले नळे जसेच्या तसे राहू द्यावेत, कारण ते त्यांच्या हातचे आहेत, ती त्यांची आठवण. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसेल आणि ठराव करेल.

सगळे म्हणाले, आमेन.

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला, कारण नाहीतर फेकला असता. चेहरा ठेवायचा आणि जीव काढायचा, आणि हे म्हणणारा कोण, तर तू! मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. बाजा वाजवणारी मी, आणि बाजाचं काय करायचं हे मलाच माहीत नव्हतं.

आपलं भांडण जुनं होतं, ते मान्य. लोकांना वाटायचं बहीण-भाऊ काय प्रेमाने बाजा सांभाळतात! त्यांनी शनिवारी साफसफाईच्या वेळी येऊन ऐकायला हवं होतं. तुला बाजाचा चेहरा दिसायचा, मला त्याचा आवाज ऐकू यायचा, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला काही कळत नाही.

चेहरा सुंदर होता, तेही मान्य. बाहेरचे लोक पाइप ऑर्गन म्हणतात, आपण आपलं बाजा. मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या काळात आला, पांढरकवड्याच्या रस्त्याने बैलगाड्यांवर लादून आणला असं बाबा सांगायचे. मध्ये सगळ्यात उंच नळे, दोन्ही बाजूंना उतरत गेलेले, मग टोकाला पुन्हा थोडे चढलेले; ग्रुप फोटोत उंच माणसं मध्ये आणि दोन्ही टोकांना उभी करावीत तसे. मूळच्या चौकटीला वाळवी लागली तेव्हा तू आपल्याकडच्या सागाची नवी करून घेतलीस आणि वरची कमान स्वतः कागदावर काढून सुताराला दिलीस. मूळ नळ्यांवर निळ्या-सोनेरी रंगात लिलीची फुलं होती, अर्धी पुसलेली. तू ती पुसून काढलीस. "लिली कोनं पाह्यली अठी?" म्हणालास, आणि नळ्यांवर कापसाची बोंडं काढलीस. फुटलेली पांढरी बोंडं, हिरवी पानं, खालून वर चढत गेलेली वेल. मधल्या मोठ्या नळ्यावर पळसाची फुलं. नागपूरचे पाहुणे आले की आधी बाजासमोर उभे राहून फोटो काढतात, वेदी नंतर. तू दाराशी उभा राहून पाहायचास आणि काही बोलायचा नाहीस, पण मला दिसायचं.

गावातल्या दुकानांच्या पाट्या तुझ्या हातच्या होत्या. किराणा, खत-बियाणे, सलून, ट्रकच्या मागची अक्षरं, सगळं. मग फ्लेक्स आले आणि एकेक करून तुझ्या पाट्या उतरल्या. तू कधी तक्रार केली नाहीस. पण त्यानंतर तुझा सगळा हात बाजावर चालायला लागला, आणि तिथून माझी कटकट सुरू झाली.

कारण दर नाताळाला तू बाजाला रंग द्यायचास. आपल्याकडे नाताळाला घर रंगतं, चर्च रंगतं, लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना नवे कपडे. "सगळ्यायले नवे कपडे, मंग बाजानंच काय पाप केलं?" हे तुझं दरवर्षीचं बोलणं. शिडी लावायचास, आधी बोंडांवर पांढरा, पानांवर हिरवा, आणि कडेने सोनेरी. जुना रंग खरवडणं तुला मंजूर नव्हतं. खरवडलं की खालचं चित्र जाईल म्हणे. म्हणून रंगावर रंग, वर्षावर वर्ष. आणि नळ्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, भाऊ, जिथे तो ओठासारखा चिरलेला असतो. तिथूनच आवाज निघतो. तुझा रंग त्या ओठांवर चढत गेला. आधी आवाज जाड झाला, मग घोगरा, मग मधले दोन नळे सर्दी झाल्यासारखे बोलायला लागले. मी सांगून थकले. तू म्हणायचास, "आवाज दिसते काय? चेहरा दिसते."

मी म्हणायचे, "अन् चेहरा ऐकू येते काय?"

"तुले नाई येत. मले येते."

मी चिडून एकदा तुला म्हटलं होतं की कडेचे नळे तर नुसते शोभेचे आहेत, त्यांच्यात हवाच जात नाही, त्यांना खुशाल सोन्याने मढव. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तू तीन रविवार माझ्याशी बोलला नाहीस. हापसा मात्र मारत राहिलास, एकही रविवार न चुकवता.

आणि आता ऐक. माझ्या आयुष्यात मी वाजवलेला एकही सूर तुझ्याशिवाय निघालेला नाही. हे मी तू जिवंत असताना म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस. मी फ्रॉक घालायचे तेव्हा माझे पाय खालच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचत नव्हते. तुझे मित्र मैदानावर क्रिकेट खेळायचे आणि तू बाजाच्या मागच्या अंधाऱ्या बोळीत उभा राहून हापसा मारायचास, का तर एस्तूला सराव करायचा आहे. एकच चाल मी चुकत-चुकत वाजवायचे, पुन्हा तिथेच अडायचे, आणि तू मागून ओरडायचास, "अवं पुढं सरक ना बाई, हात मोडला माया!" पण हापसा थांबला नाही. दोरीला बांधलेलं शिशाचं छोटं वजन भात्याबरोबर खालीवर व्हायचं, हवा किती उरली ते सांगायचं. ते वजन तू कधी खुणेच्या खाली उतरू दिलं नाहीस. मोठी झाल्यावर मला कळलं की ज्याला वारा म्हणतात तो सारखा पुरवणं, ना कमी ना जास्त, हेच सगळ्यात कठीण. माझं लोक कौतुक करायचे. तू चौकटीमागे असायचास, कोणाला दिसायचा नाहीस.

आवाजाबद्दलही तुला एकदा सांगायचं होतं. तू मागे उभा असायचास, तुला तो नीट कधी ऐकूच गेला नसेल. तुला ऐकू येत असतील खटके, भात्याचा श्वास, चामड्याची करकर. पुढे मात्र सगळं वेगळं असायचं. लाकडी नळे हळू बोलायचे, विहिरीत तोंड घालून कोणी हाक मारावी तसे. सगळ्या खुंट्या ओढल्या की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि खालचा मोठा सूर कानांना नाही, बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीला कळायचा. म्हाताऱ्या बाया त्या सुराला डोळे मिटायच्या. उन्हाळ्यात हवा तापली की सगळ्या नळ्यांचा सूर चढायचा, मग हार्मोनियमवाल्यांचं आणि आपलं जमायचं नाही, ते माझ्याकडे डोळे वटारून पाहायचे. तू म्हणायचास, "बाजाले बी ऊन लागते." डिसेंबरात तोच सूर खाली उतरायचा. बाजा आपल्या हवामानाचा झाला होता, भाऊ. कीबोर्डला मे महिना कळेल का?

आपलं दुसरं भांडण मोटरचं. मला किती वर्षांपासून वाटत होतं की मागे विजेवर चालणारा पंखा बसवावा, म्हणजे भात्याला आपोआप हवा मिळेल. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून एक माणूस बोलावला. बिचारा टेप घेऊन आला, बोळीत शिरला. तू त्याला बाजाचा इतिहास सांगायला बसलास, नंतर भात्याचा, नंतर साहेबांचा, नंतर चहा, नंतर पुन्हा भाता. माप काही त्याने घेतलं नाही आणि परत काही आला नाही. मी भडकले तर म्हणालास, "लाईन गेली का मंग? गीताच्या मधात? आन प्रार्थनेच्या वक्ती मोटर गुरगुर करन. देवाले कायले तरास?" लाइन जाते, हे खरं होतं. गुरगुर होईल, हेही खरं असेल. पण मला माहीत होतं की खरं कारण वेगळं होतं. मोटर आली की मागच्या बोळीत रूबेन पेंटरचं काही काम उरणार नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. तुझ्या मानासाठी गप्प बसले, समजलास? आणि तू काय केलंस? मोटर तुला नको होती, तर सगळा बाजाच देऊन टाकलास. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात, तसा तू. फक्त मोडायला काढलंस ते माझं.

आजाराचंही तेच. मी जन्मभर नर्स होते. सरकारी दवाखान्यात किती म्हाताऱ्यांचे श्वास मोजले, कोणाची छाती कशी वाजते ते मला दारातून कळायचं. मागच्या नाताळाला तू शिडीवर होतास आणि प्रत्येक पायरीला थांबत होतास. मी म्हटलं, "भाऊ, खाली उतर, छाती पाहू दे." तू ब्रश माझ्याकडे रोखून म्हणालास, "तू माई बहीन आहे. डाक्टर नाई. अन् हा पेंटचा वास आहे, दुसरं काई नाई."

पेंटचा वास! आणि मी ऐकून घेतलं. यवतमाळला जाऊन तू छातीचा फोटो काढून आला होतास, डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, आणि तू वहिनींना शपथ घातलीस की एस्तूला कळू द्यायचं नाही. फुफ्फुसं आखडत चालली होती आणि तू रविवारी हापसा मारत होतास. फेब्रुवारीत गीताच्या शेवटच्या कडव्याला सूर खचायला लागले. मला वाटलं भात्याचं चामडं पुन्हा फाटलं. मी मागे येऊन भाता तपासला, भाऊ. तुझ्यासमोर गुडघ्यावर बसून भात्याला कान लावला आणि तू वरून म्हणालास, "अठी नाई, तिकडच्या कोपऱ्यात पाह्य." फाटलेलं तिथे नव्हतं, हे तुला ठाऊक असूनही मला कोपरे दाखवत होतास!

मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? वाचवलं असतं असं नाही म्हणत. इतकी मूर्ख नाही मी. पण उशाशी बसले असते. भांडले असते. ज्या माणसाशी जन्मभर भांडले, त्याच्याशी शेवटचे दोन महिने नीट, पोटभर, खरं कारण माहीत असून भांडायला मिळायला हवं होतं. तो हक्क तू हिसकावलास. आणि दवाखान्यात मी आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू तो बाजूला केलास, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "घरी जा. बस भेटनार नाई मंग." बस! तेवढंच. आपलं शेवटचं बोलणं आर्णीच्या बसबद्दल.

शनिवारी मी चर्चची किल्ली मागून घेतली आणि शिडी लावली. माझ्याकडे दवाखान्यातली जुनी पाती होती, जखमेचे टाके काढायची. ती घेऊन मी तुझा रंग खरवडायला घेतला. रागाने. चित्रं नाही, तेवढी मी दुष्ट नाही. फक्त ओठ. मधल्या नळ्यांचे ओठ. वरची सोनेरी पापडी निघाली, खाली आणखी एक सोनेरी, मग हिरवी, मग पांढरी, मग पुन्हा सोनेरी. एकेक नाताळ सोलून निघत होता. एका नळ्याच्या ओठाला चिकटलेलं बोंड अर्धं कापलं गेलं. मी थांबले नाही. "रड आता," मी मोठ्याने म्हटलं, रिकाम्या चर्चमध्ये. "रड, खाली उतरून ये अन् पाती हिसक."

तू नाही आलास. शांतावहिनी आल्या. भर दुपारी, डोक्यावर पदर, हातात डबा. घरी मी जेवले नव्हते हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. त्या शिडी धरून उभ्या राहिल्या. मी खरवडत राहिले, रंगाच्या पापड्या त्यांच्या पदरावर पडत राहिल्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "एस्तूबाई, तुमी त्यायच्यावर रागावल्या."

"तुमच्यावर बी रागावली," मी म्हटलं.

"होय. रागवा." पदरावरच्या पापड्या झटकत म्हणाल्या, "पाळकसाहेबायले त्यायनं काहून सांगतलं, थे नाई सांगतलं त्यायनं कोनाले. मले सांगतलं. म्हनले, मी गेल्यावर हापसा कोन मारन? पोट्टे सगळे पुन्याले, नागपूरले. एस्तू जाऊन बाकावर बसन, पट्टी दाबन अन् आवाज नाई येनार. थे तिची आदत नाई जानार. मुक्या बाजासमोर बसलेली माई बहीन मले पाहवत नाई. त्यापेक्षा कीबोर्ड बरा. बटन दाबलं का वाजते."

माझा हात थांबला. पाती ओठात अडकली होती.

म्हणजे माझ्यासाठी. सगळं माझ्यासाठी. मातीच्या दिवशी जे झालं, बाकावर बसणं, दाबणं, नुसती खटखट, ते तू आधीच पाहून ठेवलं होतंस, आणि मला ते पुन्हा पुन्हा भोगायला लागू नये म्हणून बाजाचं पोट रिकामं करायला सांगितलंस. शिडीवर मला रडू आलं, ते मी लपवत नाही. पण तुला वाटेल की मग राग गेला, तर तसं अजिबात नाही. राग दुप्पट झाला. माझ्यासाठी म्हणे! मला विचारलंस का? तुला वाटलं तसंच मला वाटणार, हे तू परस्पर ठरवलंस. लहानपणापासून हेच. मला काय आवडतं ते तूच लोकांना सांगायचास. गुलाबजामसुद्धा! मला गुलाबजाम कधीच आवडले नाहीत, भाऊ. लग्नाच्या पंगतीत तू वाढप्याला ओरडून सांगायचास, "आमच्या एस्तूले अजून दोन घाल," आणि मी खायचे.

मी वहिनींना विचारलं, "तुमाले काय वाटते? बाजा काढावा काय?"

त्या हसल्या, तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा. "मले कोनं इचारलं कधी?"

काल रविवार होता. उपासना झाली, कीबोर्डवर. कोणाच्या तरी भाच्याकडून उसना आणलेला. सूर बरोबर होते, ते खोटं बोलणार नाही. उपासनेनंतर कमिटी पुढच्या बाकांवर बसली, बाकीची मंडळी मागे. पाळकसाहेबांनी तुझी इच्छा पुन्हा एकदा सांगितली, हळव्या आवाजात. मग विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी धन्यवाद देणार.

मी उभी राहिले. वेदीसमोर, भाऊ. बाबांनी आपल्याला जिथे शपथेचा अर्थ शिकवला तिथे.

"भाऊ शेवटी माझ्याजवळ बोलला," मी म्हटलं. "पाळकसाहेबांशी बोलल्यानंतर. त्याचा विचार बदलला होता. म्हणाला, बाजा काढू नका. आतलं एक फळकुट काढू नका. मागे मोटर बसवा."

मागून आपले म्हातारे सुभानकाका खदखदले. "रूबेन? अन् मोटर? अवं बाई, रूबेन मोटर म्हनला?"

"हो," मी म्हटलं. "मोटरच म्हणाला."

चर्चभर कुजबुज झाली. पाळकसाहेबांचा चेहरा गोंधळला. बिचाऱ्याने तुझा हात हातात घेऊन इच्छा ऐकली होती, त्याला काय करावं कळेना. त्याने बाजूच्या बाकाकडे पाहिलं. "शांताताई, तुम्ही पूर्ण वेळ त्यांच्याजवळ होता. असं काही म्हणाले ते?"

वहिनींना खोटं बोलता येत नाही. शेजारणीला दूध संपलं म्हणून सांगायचं तरी त्यांचे कान लाल होतात, तूच चिडवायचास. त्या उठल्या. पदर नीट केला. माझ्याकडे पाहिलं नाही, पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"म्हनले," त्या म्हणाल्या. "मोटर बसवा म्हनले. एस्तूले वाजवू द्या म्हनले."

मग चर्चा लवकर आटपली. सचिव म्हणाले की लोहाऱ्यात त्यांच्या ओळखीचा माणूस आहे, मोटर बाहेरच्या भिंतीला लागून खोकं करून ठेवली तर आवाज आत येणार नाही, लाइन गेली तर इन्व्हर्टर आहेच. इतकं सोपं होतं, भाऊ! सगळ्यांनी हात वर केले. सुभानकाकांनीही केला, माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत.

बाहेर कडुलिंबाखाली मी वहिनींना गाठलं. "वहिनी, तुमी खोटं काहून बोलल्या?"

"तुमी बोलल्या म्हनून."

"मी तर बोललीच. पन तुमी?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. "सारा जलम त्यायच्याच बाजूनं बोलली मी, एस्तूबाई. एक डाव तुमच्या बाजूनं बोलली. होऊ द्या."

आणि त्या चालू लागल्या, ऊन डोक्यावर घेऊन.

तर भाऊ, हे असं झालं. वर्षानुवर्षं चाललेलं भांडण मी काल जिंकलं. तुझ्या तोंडात माझे शब्द घालून जिंकलं. जे तू कधी म्हणाला नाहीस, जे म्हणायला तू मेलास तरी तयार झाला नाहीस, ते मी वेदीसमोर उभं राहून तुझ्या नावावर लावलं, आणि तुझ्या बायकोने त्यावर शिक्का मारला. आता गावात कायमचं हेच राहील की रूबेन पेंटरने शेवटी मोटर मान्य केली. लोक पाहुण्यांना सांगतील. तुझी एवढी मोठी हट्टी ओळख मी एका वाक्यात पुसून टाकली.

मला पश्चात्ताप होईल असं वाटलं होतं. होत नाही. मला भीती वाटते आहे, ती दुसऱ्याच गोष्टीची. काल सभेत मी बोलत होते तेव्हा माझे कान सगळा वेळ मागे लागलेले होते, बाजाच्या मागच्या बोळीकडे. तिथून तू ओरडशील, "एस्तू लबाड बोलून राह्यली!" असं वाटत होतं. मी वाक्य मुद्दाम सावकाश बोलले. दोनदा बोलले. मध्ये थांबले, तुला वेळ दिला. कोणीच ओरडलं नाही. आणि तेव्हा, तुझी पेटी खाली सोडताना नाही, माती टाकताना नाही, तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलास. कारण असं खोटं तू जिवंतपणी ऐकून घेतलं नसतंस.

ठराव झाला आहे, पण काम सुरू व्हायचं आहे. अजून वेळ आहे. ये, भाऊ. सगळ्या मंडळीसमोर उभा राहा आणि मला खोटी पाड.